शेजार जमला पाहिजे: विषयवार प्लेलिस्टबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर वडगाव, सासर टिळकवाडी. म्हणजे बेळगावातून बेळगावातच आले. नोकरी संपली, मुलं आपापल्या गावी गेली, खरं गाण्यांच्या याद्या करायचं शाळेपासूनचं खूळ काही गेलं नाही. (आमच्याकडे 'पण' म्हणायचं असेल तर 'खरं' म्हणतात. पुढेही येईल, दचकू नका.) भाचरं, गल्लीतली पोरं आणि भजनी मंडळातल्या बायका फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलंय.

काकू, हे वेड कधीपासूनचं?

माझा जन्म १९६३ चा. फिलिप्स कंपनीनं कॅसेट जगासमोर आणली तीही त्याच वर्षी. त्यामुळे आम्ही जुळ्या बहिणी आहोत असं मी सांगत असते. मात्र ही बहीण आमच्या घरी पोचेपर्यंत मी कॉलेजात होते. त्याआधी सगळी मदार रेडिओवर. सीमाभागात राहण्याचा एक फायदा कुणी मोजत नाही: आमच्या रेडिओवर धारवाड लागायचं, सांगली लागायची, हवा बरी असली तर पणजी, आणि रात्री सिलोन. काटा केसभर सरकवला की कन्नड भावगीत जाऊन मराठी नाट्यपद यायचं. मधल्या खरखरीत दोन्ही एकदम ऐकू यायची, आणि मला तो भाग सगळ्यात आवडायचा.

बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' असे. मी वही घेऊन बसायची. पायदानं लिहून घ्यायची आणि मग शेजारच्या पानावर माझी स्वतःची पायदानं लावायची, कारण त्यांचे नंबर मला कधीच पटायचे नाहीत.

पुढं बाजारात कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. कागदावर गाणी लिहून द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं, चार दिवसांनी जाऊन आणायची. माझी पहिली भरून आणलेली कॅसेट घरी लावली आणि मी रडकुंडीला आले. तिसरं गाणं सातव्या जागी, पहिलं शेवटाला. एकाच रेकॉर्डवरची गाणी सलग भरायला सोपी, म्हणून दुकानदारानं आपल्या सोयीनं भरली होती. मी तावातावानं परत गेले. तो म्हणाला, "अक्का, गाणी तीच हायत की! एक बी कमी न्हाई." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. गेली चाळीस वर्षं त्यालाच उत्तर द्यायलेय म्हणा ना.

थीम म्हणजे नक्की काय? 'पावसाची गाणी' ही थीम नाही का?

नाही. ते पोतं आहे. त्यात काहीही भरता येतं. 'पाऊस' म्हटलं की मिया मल्हारही येतो, ओलेत्या नायिकेचं हिंदी गाणंही येतं आणि पेरणीचं लोकगीतही. तिघांना एकमेकांशी बोलायला काही नसतं.

विषय अरुंद करत न्या. 'पाऊस येणार येणार म्हणतोय आणि येत नाहीये', ही थीम. मृगाच्या आधीचे आठ दिवस, खानापूरकडे आभाळ काळं झालंय, इथं नुसती धूळ. आता गाणी आपोआप गळायला लागतात. प्रत्यक्ष सरींचं प्रत्येक गाणं बाद. मेघ राग चालेल, गौड मल्हार नको. मला तरी त्यात पाऊस सुरू झालेला ऐकू येतो. हे माझं मत, ज्यानं त्यानं आपल्या कानाला विचारावं.

माझी कसोटी सोपी आहे. यादीतून आवडतं गाणं काढून टाकायला लागलं आणि काढताना दुखलं, तर थीम पक्की. सगळीच आवडती गाणी आत बसत असतील तर अजून पोतंच आहे.

यादीत किती गाणी असावीत?

माझं माप अजून कॅसेटचं. साठची असेल तर एका बाजूला तीस मिनिटं, नव्वदची असेल तर पंचेचाळीस. एक बाजू म्हणजे एक बैठक. बाजू उलटायला उठावं लागायचं, त्या उठण्यात कान मोकळा व्हायचा. आता ॲपवर हजारो गाण्यांची यादी करता येते; कुणी करू नये.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली. अख्ख्या पृथ्वीचं संगीत कुणा परक्याला ऐकवायचं म्हणून निवडलं, तर त्यात तुकडे किती? सत्तावीस. वेळ साधारण नव्वद मिनिटं. म्हणजे बरोबर एक नव्वदची कॅसेट! त्यात आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. सगळ्या जगाला सत्तावीस पुरले, तर तुमच्या भाचीच्या हळदीला दोनशे कशाला?

क्रम कसा लावायचा?

मी याला 'शेजार' म्हणते. गाणं चांगलं की वाईट हा प्रश्न निवडतानाच संपला. आता कोण कुणाच्या शेजारी राहणार, एवढंच बघायचं. भिंतीला भिंत लागून असलेल्या वडगावच्या घरांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिली गोष्ट पट्टी, म्हणजे गाणारा पेटीवरच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या सुराला आपला सा धरतो ते. पुरुष गायक साधारण काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. गाणं संपतं तेव्हा त्याचा सा कानात उरलेला असतो. पुढचं गाणं त्या सा ला धरून आलं, किंवा त्याच्या म किंवा प वर आलं, तर कान सहज पाऊल टाकतो. अर्ध्या सुरानं वर किंवा खाली आलं, तर पायरी चुकल्यासारखा ठेचकाळतो. स्वरज्ञान लागत नाही याला. पहिल्या गाण्याची शेवटची ओळ गुणगुणत राहा आणि दुसरं सुरू करा. तोंड वाकडं झालं तर जागा बदला.

दुसरी गोष्ट लय. सलग तीन संथ गाणी मी ठेवत नाही, दोन ठेवते. तिसरी गोष्ट सुरुवातीचं वाद्य. एकाचा शेवट सारंगीवर आणि दुसऱ्याची सुरुवात सारंगीवर, हा योग आला तर मी थीमकडेही थोडा काणाडोळा करते.

आणि एक माझी विक्षिप्त सवय. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरचं गाणं तीन-साडेतीन मिनिटांत आटपलेलं असतं, कारण तबकडीवर तेवढीच जागा. गवयानं ताना कोंबून कोंबून भरलेल्या असतात, एसटीत माणसं भरावीत तशा. असल्या गाण्यानंतर मी नेहमी काहीतरी सैल, हवेशीर ठेवते. लागोपाठ दोन ठेवली की दम लागतो.

मराठी आणि कन्नड गाणी एकाच यादीत? चालतं का?

हा प्रश्न बेळगावाबाहेरचे कुतूहलानं विचारतात आणि बेळगावातले जरा आवाज खाली करून. एक नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास कुणी तो जोरातही विचारतं.

माझी सगळ्यात जास्त मागणी असलेली यादी ऐका. नाव 'शेवटच्या ओळीत विठ्ठल'. नियम एकच: संताची मुद्रिका, म्हणजे शेवटच्या कडव्यातली त्याची सही, तिच्यात विठ्ठल पाहिजे. मराठीत बघायला गेलं तर ही अट फार कडक आहे. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी' सगळे बाहेर. ज्ञानेश्वर आत येतात, कारण त्यांच्या कितीतरी अभंगांच्या शेवटी 'बापरखुमादेवीवरु विठ्ठलु' येतो. पुढं काय? यादी अर्धी रिकामी.

ती भरून काढली कन्नड हरिदासांनी, म्हणजे तिकडच्या संतकवींनी. पुरंदरदासांची सही 'पुरंदर विठ्ठल'. विजयदासांची 'विजय विठ्ठल'. गोपाळदासांची 'गोपाल विठ्ठल', जगन्नाथदासांची 'जगन्नाथ विठ्ठल'. गुरू शिष्याला सही देणार आणि सहीत बहुतेकदा पंढरीचा देव असणार, ही त्यांची रीत. म्हणजे मराठी देवाची यादी मला कन्नड पदांशिवाय पुरी करता येईना. आणि मराठी देव तरी कसा म्हणायचा, ज्ञानेश्वरांनीच त्याला कानडा म्हणून ठेवलंय!

आता ही गाणार कोण, तर भीमसेन जोशी. १९२२ साली गदगच्या बाजूला जन्मले, मराठी अभंगवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही तेच गायले. त्यामुळे यादीत शेजार जमवायला मला काहीच करावं लागलं नाही. तोच आवाज, तीच पट्टी, तोच देव. भाषा बदलते ती माझ्या सासूबाईंना तिसऱ्या पदापर्यंत कळलीच नव्हती. त्या ताल धरून बसल्या होत्या. मग एकदम म्हणाल्या, "अगं, हे कन्नड आहे की!" आणि ताल तसाच चालू.

हेच बाकी ठिकाणीही होतं. द. रा. बेंद्रे घ्या. धारवाडचे, घरची भाषा मराठी, कविता लिहिली कन्नडमध्ये, १९७३ चं ज्ञानपीठ मिळालं. त्यांच्या कवितांची भावगीतं मराठी भावगीतांच्या मधे ठेवून बघा. भावगीत हा शब्दसुद्धा दोन्हीकडे तोच. लताबाई घ्या: १९६७ च्या संगोळ्ळी रायण्णावरच्या कन्नड चित्रपटात त्या गायल्या. संगोळ्ळी आमच्याच जिल्ह्यातली, बैलहोंगल तालुक्यातली. माझ्याकडे 'लताबाई, शेजारच्या भाषेत' अशी एक छोटी यादी आहे, तिची सुरुवात तिथूनच होते.

माझ्या दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांनी या याद्यांवर नाकं मुरडलेली आहेत. एकांनी विचारलं, "आमच्या अभंगात हे कशाला?" दुसऱ्यांनी तेच उलट्या बाजूनं विचारलं. दोघांनीही यादी फोनमध्ये घेतली, हेही सांगून ठेवते.

रागांचं काही कळत नाही. तरी जमेल?

जमेल. मलाही शिकून कमी आणि ऐकूनच जास्त कळतं. एक खेळ सांगते. हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतात काही रागांचे सूर जवळपास सारखे, नावं वेगळी. आपला मालकंस म्हणजे तिकडचा हिंदोळम्. भूप म्हणजे मोहनम्. यमन म्हणजे कल्याणी, दुर्गा म्हणजे शुद्ध सावेरी. हंसध्वनी तर तिकडूनच इकडे आला आणि नावही तेच घेऊन आला. एका नावाचं एक, दुसऱ्या नावाचं एक, अशा जोड्या लावा. चार जोड्यांत आठ चिजा. सूर तेच असून चालण्याची ढब किती वेगळी, हे पुस्तक वाचून नाही कळत.

वेळेनुसार याद्या करता का?

करते, खरं घड्याळ लावून नाही. प्रहराचं गणित ठाऊक असावं: दिवसरात्रीचे आठ प्रहर, एक तीन तासांचा. पहाटे भैरव, उन्हं वर येताना तोडी, भर दुपारी सारंग, मग भीमपलास, दिवेलागणीला पूरिया धनाश्री, त्यानंतर यमन, उशिरा बागेश्री, मध्यरात्रीकडे मालकंस. मी याच्यात घरची कामं बसवते. सारंग भाकरीच्या वेळेला येतो. भीमपलास लागतो तेव्हा गल्ली झोपलेली असते आणि फक्त भंगारवाला जागा असतो. त्याची आरोळीसुद्धा मला कोमल गंधारात ऐकू येते. मुलगा म्हणतो, आईचं डोकं फिरलंय.

गोव्याला जाताना ऐकायची एक यादी सांगा ना.

चोर्ला घाटानं जाणार असाल तर नीट ऐका, ही यादी मी सात-आठ वेळा मोडून बांधलीय.

बेळगाव सोडल्यापासून जांबोटीपर्यंत बोलकी गाणी. गाडीत सगळे गप्पा मारत असतात, डब्यातला कुंदा फिरत असतो, तेव्हा नाजूक काही लावून वाया घालवू नका. जुनी कन्नड-हिंदी युगुलगीतं उत्तम. जांबोटीनंतर झाडी दाटते आणि फोनची रेंज दगा द्यायला लागते. म्हणून गाणी घरूनच डाउनलोड करून घ्या. एकदा ऐन कणकुंबीत गाणं तानेच्या मध्यावर अडकलं आणि घाट उतरेपर्यंत सगळे ती अर्धी तान पुरी करायला बघत होते.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तिथं नदीचं, पाण्याचं एकच गाणं ठेवा, दोन नकोत. मग प्रत्यक्ष घाट. घाटात शब्द नकोत. पावसाळ्यात काचेपलीकडे धुकं असतं, वळणं जीवघेणी असतात, चालवणाऱ्याचं लक्ष गाण्यातल्या गोष्टीत अडकता कामा नये. बासरी किंवा संतूर, मध्य लयीतलं. द्रुत झालं की पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. हे मी आमच्या जावयाच्या पायाकडे बघून सांगतेय.

घाट उतरला की गोव्याची माणसं: मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर, कुर्डीच्या मोगूबाई, केरीच्या केसरबाई. घाटाखाली लागते ती केरी सत्तरीतली, केसरबाईंची केरी फोंड्याकडची. आमच्या गाडीत दर वेळी कुणीतरी पाटी बघून "ही बघा केसरबाईंची केरी" म्हणतं आणि दर वेळी मी दुरुस्त करते.

ॲपमधल्या कोणत्या सोयी वापराव्या?

पहिल्यांदा क्रॉसफेड बंद करा. म्हणजे एक गाणं विरत असताना दुसरं त्यावर चढवण्याची ती सोय. नाचाच्या गाण्यांना ठीक, अभंगाला अन्याय. शेवटच्या 'विठ्ठल विठ्ठल'वर कुणाचा तरी ड्रम येऊन आदळतो. दुसरं, यादी संपल्यावर आपोआप काहीतरी वाजवत राहायची खोड असते, तीही बंद. यादी संपली की गप्प झाली पाहिजे. तिसरं, सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय मात्र चालू ठेवा, नाहीतर १९३५ ची तबकडी कुजबुजते आणि तिच्यामागून आलेलं आजचं गाणं कानफटात मारतं.

शफल? त्या दुकानदारानं केलं होतं तेच की.

ॲपच आपोआप यादी करून देतं. मग एवढा खटाटोप कशाला?

ॲप मला 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून आवडणारीच गाणी देतं. चुकत नाही फारसं. खरं त्याला जांबोटीनंतर झाडी दाटते हे ठाऊक नाही.

केलेली यादी हरवू नये म्हणून काय करायचं?

वहीत लिहा. हसू नका. चार वर्षांपूर्वी एका सकाळी बघते तर माझ्या यादीतली अकरा गाणी करडी पडलेली. दाबलं तरी वाजेनात. कंपनी आणि ॲप यांच्यातला करार संपला की असं होतं म्हणे. करडी तरी दिसत होती. दुसऱ्या एका ॲपनं तर गाणी गुपचूप गाळली आणि उरलेल्यांना पुढं सरकवून घेतलं. कोणतं गेलं तेच कळेना. आता माझ्याकडे लांब वह्या आहेत, किराणा दुकानात असतात तसल्या. गाणं, कुणी गायलं, किती मिनिटांचं, कोणत्या पट्टीत आणि शेवटच्या रकान्यात 'शेजारी का'. त्या रकान्यात कधी कधी नुसतं 'उगीच' असं लिहिलेलं असतं.

घरात जुन्या कॅसेटी पडल्यात. त्यातली गाणी फोनवर कशी घ्यायची?

आधी बुरशी बघा. आपल्याकडचा पावसाळा कॅसेटीला मानवत नाही. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट चांगल्या प्लेअरला लावू नका, बुरशी पुढच्या कॅसेटीला चिकटते. बरी असेल तर वाजवण्याआधी एकदा पुढं आणि एकदा मागं पूर्ण गुंडाळून घ्या. सहा कोनांचं बॉलपेन चक्रीत बरोबर बसतं, आमच्या पिढीच्या मनगटाला ते वळण अजून आहे. मधल्या पट्टीवरचा फेल्टचा तुकडा निघाला असेल तर आवाज दबका येतो. तो टाकाऊ कॅसेटीतून काढून लावता येतो. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पुसा.

मग प्लेअरच्या हेडफोनच्या छिद्रातून लॅपटॉपच्या लाइन-इनला वायर आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. आधी वेव्ह फाइल करून ठेवा. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण दहा एमबी लागतात, म्हणजे साठची कॅसेट सहाशेच्या घरात. फोनसाठी एमपी३ नंतर करा, १२८ केबीपीएसच्या दराला मिनिटाला साधारण एक एमबी. खरखर काढायची सोय असते, तिचा हात आखडता ठेवा. मी हौसेनं एका कॅसेटीची खरखर इतकी काढली की तानपुरासुद्धा गेला.

आणि दोन गाण्यांच्या मधली जागा पुसू नका. माझ्या एका कॅसेटीत मधे आईचा आवाज आहे: "गॅस बंद केलीस काय गं?" ते आता त्या यादीतलं पाचवं गाणं आहे.

लग्नात, मंडळात आमची यादी लावली तर कायद्याची अडचण येईल का?

मी वकील नाही, मोटामोटी सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात धार्मिक समारंभाला सवलत आहे, त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ येतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क साठ वर्षं असतो. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. तिकीट लावून कार्यक्रम करणार असाल तर आधी परवाने बघा. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीपुढं तो कुणी वाचून दाखवलेला मी अजून पाहिला नाही.

दुसऱ्यासाठी यादी करायची असेल तर काय बघावं?

त्याचा कान. आवड नंतर.

हे मला वडिलांनी शिकवलं. आप्पा वडगावात मागावर होते, आधी हातमाग, मग यंत्रमाग. यंत्रमागाच्या खोलीत माणसं ओठ वाचून बोलतात. तीस वर्षांनी कान गेले, खरं सगळे नाही गेले. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली: खालचे सूर बरे, वर जाताना रेघ एकदम दरीत. आवाजानं कान जातात ते असेच, आधी उंच सूर. मी वर्षभर त्यांना त्यांच्या आवडीची गाणी लावत होते आणि ते मान हलवत होते माझं मन राखायला. झांज नाही, बासरी नाही, तारसप्तकातला बाईचा आवाज तर अजिबात नाही. "ओठ हलल्यागत वाटतंय," म्हणायचे.

मग मी आवड बाजूला ठेवली आणि खालच्या सुरांची यादी केली. पखवाज. रुद्रवीणा. भीमसेनांचा मंद्र. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं, त्याचा तो 'डुंव' पोटात जातो. आणि गंगूबाई हनगल. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज बदलला आणि पुरुषी वाटावा इतका भारदस्त झाला. आप्पा पलंगावर टेकून बसले होते. स्पीकरचा खोका त्यांनी मांडीशी ओढून घेतला आणि त्यावर चार बोटं टेकली. ताण्याचा ताण बघायला टेकायचे, अगदी तशी, हलकी. बराच वेळ ऐकल्यावर विचारलं, "बुवा कोण हे?"

"आप्पा, बुवा नव्हेत, बाई आहेत. हुबळीच्या गंगूबाई."

त्यांनी बोटं उचलली नाहीत. "बरं झालं," म्हणाले. "लई दिसांनी बाईचं गाणं ऐकाय मिळालं."

ती यादी बारा तुकड्यांची आहे. ती मी कुणाला देत नाही. तुमच्या घरच्या माणसाची रेघ कुठं खाली जाते ते बघून तुमची तुम्ही करा.

बाकीच्या याद्या तरी पाठवाल का?

पाठवते. खरं क्रम मोडून ऐकल्याचं कळलं तर पुढची मिळणार नाही.

सध्या काय चालू आहे?

'गुर्लहोसूर ते सुळेभावी'. दोन्ही गावं बेळगाव जिल्ह्यातली. गुर्लहोसूरला १८४३ मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी मराठी संगीत नाटक उभं केलं. सुळेभावीला १९२४ मध्ये शिवपुत्र कोमकळी जन्मले, म्हणजे कुमार गंधर्व. सुरुवातीला कर्नाटकी चालीवरचं नाट्यपद, शेवटाला कुमारांचं निर्गुणी भजन. बाहेरून कुणी येणार नाही, मधली सगळी गाणी जिल्ह्यातलीच.

नऊ जागा भरल्या. सहाव्या जागेवर अडलेय. तिथं कृष्ण पारिजातातलं एक पद ठेवलंय, आपल्या कुलगोडच्या बाजूचं ते लोकनाट्य. पद झकास आहे, खरं संपतं काळी दोनमध्ये, आणि सातवं सुरू होतं अर्ध्या सुरानं खाली. काल रात्री दोघांच्या मधे नुसता तानपुरा चाळीस सेकंद घालून बघितला. आज सकाळी पुन्हा ऐकला तर चाळीस जास्त वाटले. पंचवीस करून बघणार आहे.